आप्तवाक्य आणि टेलिव्हिजनवरील तज्ज्ञ

आमच्या घरीं रात्रीच्या जेवणापूर्वीं टेलिव्हिजनवरील बातम्या पाहण्याचा परिपाठ आहे. मध्यें तीर्थरूपांची आरामखुर्ची, तिच्या दोहों बाजूंस आम्ही बंधू, स्वयंपाकघराच्या दारांत एक कान इकडे ठेवून वहिनी, आणि सतरंजीवर मुलें, अशी ही नित्याची बैठक असते. कांहीं महिन्यांपूर्वीं अशाच एका संध्याकाळीं परदेशांतील एका शहरांत बाँबस्फोट झाल्याची बातमी आली. घटना घडून पुरता तासही लोटला नव्हता. पडद्यावर धूर आणि धांवणारीं माणसें दिसत होतीं. आणि एका कोपऱ्यांतील चौकटींत कोट-नेकटाय घातलेले एक गृहस्थ हें कृत्य कोणीं, कां व कोणाच्या चिथावणीनें केलें, तें मोठ्या शांतपणें समजावून देत होते. त्यांच्या नांवाखालीं ‘दहशतवादविषयक तज्ज्ञ’ अशीं अक्षरें झळकत होतीं. इतक्यांत आमची अकरा वर्षांची पुतणी म्हणाली, “काका, खालच्या पट्टींत तर लिहिलें आहे कीं पोलिसांना अजून कांहींच ठाऊक नाहीं. मग ह्यांना कसें ठाऊक?”

प्रश्न साधा होता. परंतु मला त्याचें उत्तर चटकन देतां आलें नाहीं. तीर्थरूप मात्र हंसून म्हणाले, “आप्त कोणाला म्हणावें, तें तिला नीट समजावून सांग. सांगतां सांगतां उत्तर तुलाही सांपडेल.”

सुज्ञ वाचकांस हें सांगणें नकोच कीं, आपल्या न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानलेलीं आहेत, आणि शब्द म्हणजे आप्ताचें वचन. मराठींत आप्त म्हणजे नातलग असा अर्थ रूढ झाला आहे. परंतु शास्त्रांतील आप्त निराळा. वात्स्यायनानें आपल्या भाष्यांत त्याचीं जीं लक्षणें सांगितलीं आहेत, त्यांचा मथितार्थ असा कीं, ज्या विषयासंबंधीं तो बोलतो तो विषय त्यानें स्वतः जाणलेला असावा, आणि जसा जाणला तसाच तो दुसऱ्यांस कळावा एवढ्याच इच्छेनें त्यानें बोलावें. हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लागू आहे, असेंही तो सांगतो. म्हणजे कुल, पदवी किंवा वेष पाहून माणूस आप्त ठरत नाहीं. ज्ञान आणि हेतु या दोन गोष्टींवरूनच ठरतो. हीच कसोटी हातीं घेऊन टेलिव्हिजनवरील तज्ज्ञांकडे पाहावें, असा या लेखाचा उद्देश आहे. ही प्रथा अमेरिकेंत विशेष वाढली व तेथेंच तिची उलटतपासणीही झाली. म्हणून उदाहरणें बहुतेक तेथील घेतलीं आहेत.

पहिलें उदाहरण ओक्लाहोमा सिटी या शहराचें. १९ एप्रिल १९९५ रोजीं सकाळीं ९ वाजून २ मिनिटांनीं तेथील सरकारी कचेऱ्यांच्या नऊमजली इमारतीसमोर स्फोटकांनीं भरलेली एक मालमोटार उडविण्यांत आली. १६८ माणसें प्राणांस मुकलीं. इमारतींत एक पाळणाघर होतें. मृतांमध्यें १९ मुलें होतीं. त्याच दिवशीं सीबीएस या वाहिनीवर स्टीव्हन इमर्सन हे तज्ज्ञ म्हणून बोलले. हे गृहस्थ अगदींच उपटसुंभ नव्हते. अमेरिकेंतील जिहादी मंडळींसंबंधीं त्यांनीं तयार केलेला माहितीपट आदल्याच वर्षीं दाखविला गेला होता व त्याचा गौरवही झाला होता. त्यांनीं असें सांगितलें कीं, होतील तितकीं माणसें मारण्याच्या हेतूनें हा स्फोट केलेला आहे आणि हें मध्यपूर्वेकडील लोकांचें लक्षण आहे. असें म्हणणारे ते एकटेच नव्हते. त्या दिवशीं बहुतेक बोलण्याचा रोख तिकडेच होता.

खरा प्रकार काय होता? स्फोटानंतर सुमारें दीड तासानें, मोटारीला मागील नंबराची पाटी नाहीं म्हणून, महामार्गावरील एका पोलिसानें टिमथी मॅक्व्हे नांवाच्या अमेरिकन तरुणास हटकलें. त्याच्याजवळ पिस्तूल सांपडलें आणि त्याची रवानगी जवळच्या गांवच्या तुरुंगांत झाली. स्टुडिओंत बसलेले विद्वान् मध्यपूर्वेचा नकाशा धुंडाळीत होते, तेव्हां अपराधी मोटारीच्या पाटीपायीं कोठडींत बसला होता! दोन दिवसांनीं तपास त्याच्यापर्यंत पोंचला. तो १९९१ च्या आखाती युद्धांत लढलेला अमेरिकेचाच माजी सैनिक होता. पुढें खटला होऊन ११ जून २००१ रोजीं त्यास देहान्ताची शिक्षा देण्यांत आली.

ह्या तज्ज्ञांवर अन्याय न करतां बोलावयाचें तर त्यांच्या तर्कास थोडा आधार होता. २६ फेब्रुवारी १९९३ रोजीं न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरांत अशाच तऱ्हेनें गाडींत बाँब ठेवून स्फोट केला होता, आणि तें कृत्य खरोखरच जिहादी मंडळींचें होतें. परंतु तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठांत जो दोष शिकवितात, तोच येथें घडला. धूर दिसला असतां अग्नीचें अनुमान करतां येतें, कारण अग्नीवांचून धूर कोठें आढळत नाहीं. स्फोटकांची गाडी मात्र कोणत्याही पंथाच्या माणसास भरतां येते. म्हणून तिच्यावरून पंथाचें अनुमान करणें हा सव्यभिचार हेतु झाला. उलट दुसरी एक खूण डोळ्यांपुढेंच होती. बरोबर दोन वर्षांपूर्वीं, १९ एप्रिल १९९३ रोजीं, टेक्सास प्रांतांत वेको येथें एका पंथाच्या वस्तीला सरकारी शिपायांनीं घातलेल्या वेढ्याचा शेवट भीषण आगींत होऊन सत्तरांहून अधिक माणसें दगावलीं होतीं, आणि सरकारद्वेष्ट्या लोकांच्या मनांत तो दिवस सलत होता. मॅक्व्हे हा त्यांपैकींच एक. ही तारीख कांहींच्या लक्षांत आलीही. परंतु त्यांचा आवाज त्या दिवशींच्या कोलाहलांत क्षीण ठरला.

ह्या चुकीची किंमत कोणीं दिली? ओक्लाहोमांतील एक जॉर्डनी वंशाचे अमेरिकन नागरिक त्या दिवशीं आपल्या मायदेशच्या नातलगांस भेटावयास निघाले होते. त्यांस प्रथम शिकागो येथें अडवून प्रश्न विचारण्यांत आले. पुढें लंडनला उतरतांच पकडून परत अमेरिकेस पाठविण्यांत आलें. त्यांचा स्फोटाशीं कांहींएक संबंध नव्हता, हें लौकरच सिद्ध झालें. परंतु दोन दिवस त्यांच्या घरच्या माणसांवर काय प्रसंग गुदरला असेल, याची कल्पना चारचौघांत अब्रूनें राहणाऱ्या कोणत्याही कुटुंबास सहज करतां येईल.

येथें प्रश्न येतो कीं, वाहिन्यांस असें बोलणें लागतेंच कां? याचें कारण माणसांच्या दुष्टपणापेक्षां त्या धंद्याच्या घडणींत आहे. सीएनएन ही अहोरात्र बातम्या देणारी वाहिनी १ जून १९८० रोजीं सुरू झाली, आणि तिच्या मागून तशा अनेक निघाल्या. वर्तमानपत्रास सकाळपर्यंत सवड असते. या वाहिन्यांस एका मिनिटाचीही नसते. मोठी घटना घडली कीं पहिले कांहीं तास विचित्र असतात. पाहणारे असंख्य, माहिती अत्यल्प. घटनास्थळीं उभा असलेला बातमीदार दोन वाक्यांत संपतो; तींच तीं चित्रें दहा वेळां दाखवून झालेलीं असतात. हा रिकामा वेळ भरून काढण्यास बोलतें माणूस हवें. पाहुणे जमविणारी मंडळी टेलिफोन घेऊन बसतात, आणि ज्याचा विषयाचा व्यासंग सर्वांत खोल त्यालाच प्रथम बोलावलें जातें असें नाहीं. जो अर्ध्या तासांत स्टुडिओंत पोंचूं शकतो, ज्याचा आवाज ठाम आहे, आणि ज्याचें वाक्य लांबत नाहीं, त्याची वर्णी आधीं लागते. “थोडें थांबा, पुरावा येऊं द्या,” असें म्हणणारा विद्वान् खरा. परंतु दुसऱ्या खेपेस त्याला कोण बोलावणार?

मग प्रश्नोत्तरें सुरू होतात. निवेदक विचारतो, “आपणांस कोणाचा हात वाटतो?” पाहुणा म्हणतो, “असें दिसतें कीं…” पुढच्या तासाला तेंच वाक्य ‘तज्ज्ञांच्या मतें’ असें होऊन पट्टींत येतें, आणि त्यापुढच्या तासाला दुसऱ्या पाहुण्यास त्याच मतावर भाष्य करावयास सांगतात. अंदाजाचें मत, मताचें वृत्त, आणि वृत्ताची लोकांच्या मनांतील खात्री, असा हा प्रवास एका संध्याकाळींच उरकतो. यांत प्रत्यक्ष खोटें असें कोणीच बोललेला नसतो; आणि म्हणून दोषही कोणाच्या पदरीं बांधतां येत नाहीं.

हा प्रकार केवळ अमेरिकेचाच किंवा केवळ त्या काळचाच, असेंही नाहीं. २२ जुलै २०११ रोजीं नॉर्वेच्या राजधानींत, ऑस्लो येथें, सरकारी कचेऱ्यांजवळ स्फोट होऊन ८ माणसें मेलीं. देशोदेशींच्या तज्ज्ञांनीं लगेच अल् कायदाचें नांव घेतलें, आणि कारणेंही तयार होतीं: नॉर्वेचें सैन्य अफगाणिस्तानांत आहे, तेथील पत्रांत व्यंगचित्रें छापलीं गेलीं होतीं, इत्यादि. ही मीमांसा चालू असतांनाच खरा अपराधी, आंडर्स ब्रेविक नांवाचा नॉर्वेचाच रहिवासी, उटोया बेटावर तरुणांच्या शिबिरांत शिरून गोळ्या घालीत होता. तेथें ६९ बळी पडले. इस्लामचा आणि परक्यांच्या वस्तीचा कट्टर द्वेष हेंच त्याच्या कृत्याचें मूळ होतें. ओक्लाहोमाच्या धड्यास तोंवर सोळा वर्षें लोटलीं होतीं. परंतु तो कोणाच्या ध्यानांत राहिलेला दिसला नाहीं.

आतां येथवर ज्ञानाच्या अभावाचीं उदाहरणें पाहिलीं. याहून पुढची पायरी म्हणजे ज्ञान नसून तें असल्याची बतावणी. वेन सिमन्स नांवाचे एक गृहस्थ फॉक्स न्यूज या वाहिनीवर वर्षानुवर्षें पाहुणे म्हणून येत. सीआयए या गुप्तहेरखात्यांत आपण २७ वर्षें काढलीं, असें ते सांगत. ऑक्टोबर २०१५ मध्यें त्यांना अटक झाली, आणि असें उघडकीस आलें कीं, त्या खात्यांत त्यांनीं नोकरी केलेलीच नव्हती. ह्या बनावट लौकिकाच्या बळावर त्यांनीं सरकारी कंत्राटदारांकडे लष्करास सल्ला देण्याचें कामही मिळविलें होतें. २०१६ मध्यें त्यांनीं गुन्हा कबूल केला आणि त्यांना ३३ महिन्यांची कैद झाली. एबीसी वाहिनीचे दहशतवादाविषयींचे सल्लागार अलेक्सी देबा यांचीही गोष्ट अशीच. त्यांच्या डॉक्टरेटविषयीं शंका निघाल्यावर २००७ सालीं वाहिनीनें त्यांस दूर केलें. आणि पुढें असें आढळलें कीं, बराक ओबामा यांची म्हणून एका फ्रेंच नियतकालिकांत त्यांनीं छापविलेली मुलाखत ओबामांनीं कधीं दिलीच नव्हती. आपल्याकडे मुलीला स्थळ सांगून आलें तर मुलाची नोकरी, कुल, गोत्र आणि घरची माणसें यांची चार ठिकाणीं चौकशी केल्यावांचून आपण पुढें पाऊल टाकीत नाहीं. कोट्यवधि लोकांस ज्यांचें बोलणें ऐकवावयाचें त्यांची तेवढीही चौकशी होऊं नये, ही आश्चर्याची गोष्ट नव्हे काय?

तिसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. येथें ज्ञानही खरें असतें आणि पदवीही खरी असते. उणें पडतें तें हेतूच्या शुद्धतेंत. २० एप्रिल २००८ रोजीं न्यूयॉर्क टाइम्स या पत्रानें डेव्हिड बार्स्टो यांचा एक दीर्घ शोधलेख प्रसिद्ध केला. वाहिन्यांवर इराकचें युद्ध आणि दहशतवादाविरुद्धची मोहीम यांवर भाष्य करणारे जे निवृत्त सेनाधिकारी, त्यांतील अनेकांचे युद्धसामग्रीच्या व कंत्राटांच्या धंद्यांशीं संबंध होते; आणि अमेरिकेचें संरक्षणखातें त्यांस खाजगी बैठकींस बोलावून, इराकचे दौरे घडवून, कोणत्या मुद्द्यांवर भर द्यावा हें सुचवीत होतें. अशा अधिकाऱ्यांची संख्या ७५ हून अधिक होती. प्रेक्षकांस यांतील कांहींएक सांगितलें जात नसे. त्यांस दिसे तो केवळ एक अनुभवी, निःपक्षपाती सेनापति. कागदपत्रें मिळविण्यासाठीं त्या पत्रास न्यायालयांत जावें लागलें. लेखास २००९ सालचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. पुढें खात्याच्याच तपासनिसांनीं यांत नियमभंग झाला नाहीं असा निर्वाळा दिला, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. परंतु नियम मोडला नाहीं म्हणून वक्ता आप्त ठरत नाहीं. ज्याचा लाभ आपल्या बोलण्यांत गुंतला आहे, त्यानें तो आधीं सांगावा, एवढी अपेक्षा गांवच्या पंचांपाशींसुद्धां आपण करतों.

आतां कोणी विचारील कीं, चुका कोणाच्या होत नाहींत? वैद्याचें निदान चुकतें, वकिलाचा सल्ला चुकतो. खरें आहे. परंतु ज्याचें औषध वारंवार चुकतें, त्या वैद्याकडे लोक जाईनासे होतात. टेलिव्हिजनवरील तज्ज्ञास हा न्याय लागूं नाहीं, हेंच खरें दुखणें आहे. ओक्लाहोमाच्या प्रसंगीं चुकलेले इमर्सन वीस वर्षांनंतरही तज्ज्ञ म्हणूनच पडद्यावर येत होते. जानेवारी २०१५ मध्यें, पॅरिस येथील हत्याकांडानंतर थोड्याच दिवसांनीं, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हें शहर सर्वस्वीं मुसलमानांचें झालें असून इतर लोक तेथें जातच नाहींत, असें त्यांनीं फॉक्स न्यूजवर सांगितलें. त्या शहरांत मुसलमानांची वस्ती २०११ च्या शिरगणतीप्रमाणें सुमारें पंचमांश होती! इंग्लंडच्या पंतप्रधानांनीं, डेव्हिड कॅमेरॉन यांनीं, त्यांची संभावना सरळ मूर्ख म्हणून केली. इमर्सन यांनीं बिनशर्त माफी मागितली, वाहिनीनेंही मागितली, आणि प्रक्षेपणावर देखरेख ठेवणाऱ्या इंग्लंडच्या मंडळानें वाहिनीवर ठपका ठेवला. ह्या वेळीं चूक उघडी पडली, कारण एक सबंध शहर उत्तर द्यावयास उभें राहिलें. एखाद्या एकट्या कुटुंबाविषयीं असें बोललें गेलें, तर त्याच्या वतीनें कोण उभा राहणार?

फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञानें जवळजवळ वीस वर्षें खपून २८४ तज्ज्ञांचीं राजकीय भाकितें टिपून ठेवलीं व पुढें तीं ताडून पाहिलीं. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांतील एक निष्कर्ष असा कीं, ज्यांची प्रसिद्धि अधिक, त्यांचीं भाकितें इतरांहून कमीच खरीं ठरलीं. एकाच मोठ्या सिद्धान्तानें सर्व जग उलगडणाऱ्यांपेक्षां, “परंतु” आणि “कदाचित्” हे शब्द वारंवार वापरणारे अभ्यासक अधिक भरंवशाचे निघाले. पडद्यावर मात्र मागणी असते ती पहिल्यांचीच.

ह्या सर्व गोष्टी दूरच्या, असें मुंबईपुण्याकडील वाचकांनीं समजूं नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईवर जो हल्ला झाला, त्यांत १६६ निरपराध माणसें मारलीं गेलीं. त्या तीन दिवसांत आपल्या वाहिन्या कमांडोंची प्रत्येक हालचाल घडतेवेळींच दाखवीत व तिचें वर्णन करीत होत्या. आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार हें सारें पाहून हल्लेखोरांस टेलिफोनवरून सूचना देत होते. कसाबच्या खटल्याचा निकाल देतांना, २९ ऑगस्ट २०१२ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें ह्या प्रक्षेपणाबद्दल वाहिन्यांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. पुढें २०१५ सालीं असा नियम झाला कीं, दहशतवाद्यांविरुद्ध कारवाई चालू असतांना ती थेट दाखवूं नये. नेमलेला अधिकारी वेळोवेळीं जें सांगेल तेवढेंच प्रसृत करावें. हा नियम चांगला आहे. परंतु चित्रास आळा घालतां आला, तरी तर्कटास कोण घालणार? तें काम ऐकणाऱ्यानेंच केलें पाहिजे.

आणि तें अवघड नाहीं. दहशतवाद ही मुख्यतः पाहणाऱ्यांसाठीं मांडलेली रंगभूमि आहे, असा विचार अमेरिकन अभ्यासक ब्रायन जेंकिन्स यांनीं १९७० नंतरच्या दशकांतच मांडला होता. भय पसरविणें हाच ज्याचा हेतु, त्याला घाईनें काढलेलें अनुमान फुकटचा हातभार लावतें. म्हणून असा प्रसंग आला म्हणजे घरांतील वडील माणसांनीं तीन प्रश्न मोठ्यानें विचारावे: ह्या गृहस्थांस ही गोष्ट आतां कशावरून कळली? त्यांचा ह्यांत कांहीं लाभ आहे काय? आणि मागील खेपेस ते काय म्हणाले होते? उत्तरें मिळालीं नाहींत, तर टेलिव्हिजन बंद करून पानें घ्यावीं आणि सकाळच्या वर्तमानपत्राची वाट पाहावी. मधल्या बारा तासांत आपलें कांहीं अडत नाहीं. परंतु त्याच बारा तासांत मुलांच्या मनांत एखाद्या शेजाऱ्याविषयीं, एखाद्या जातीविषयीं जो संशय घर करून बसतो, तो दुसऱ्या दिवशींच्या खुलाशानें सहसा निघत नाहीं.

त्या संध्याकाळीं आमच्या पुतणीस मीं हें सर्व तिला समजेल अशा भाषेंत सांगितलें. तिनें लक्ष देऊन ऐकलें, आणि मग म्हणाली, “म्हणजे ते ओळखून सांगत होते, माहीत असून नव्हे.” तीर्थरूपांनीं मान डोलावली. तेव्हांपासून आमच्या बैठकींत एक नवा रिवाज पडला आहे. चौकटींतील गृहस्थ बोलूं लागले कीं मुलें प्रथम खालची पट्टी वाचतात, आणि तींत ‘तपास चालू आहे’ असें असलें, तर दारांतून वहिनींची हांक येते, “पानें वाढलीं आहेत, चला.”